बिघाडाच्या दिवसाची तजवीज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले, तेव्हा विंडोज ११ च्या अटी पुऱ्या करू न शकणारे, परंतु एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक निराधार झाले. अशा यंत्रासाठी दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून एखादी एसएसडी आणून ते लिनक्सवर चालते करणे, हे राजधानीतील मध्यमवर्गीय गृहस्थाला परवडणारे आणि माझ्या मते अत्यंत इष्ट असे कार्य आहे. सरकारलाही हा मार्ग अपरिचित नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली डेबियन या लिनक्स-वितरणाच्या पायावर ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली, आणि २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने साउथ ब्लॉकमधील संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेल्या ‘माया’चा अंगीकार आरंभिला.

लिनक्स बसवताना बूटलोडर कोणता, फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, कोणती, असे प्रश्न पुढे येतात आणि नवखा मनुष्य घाईने होकार देऊन मोकळा होतो. जाणती मंडळी वेगाचे तक्ते काढून बसतात, तेही मला अनाठायी वाटते. कारण घरगुती वापरात क्षणार्धाचा फरक कोणाच्या ध्यानीही येत नाही, उलट एके सकाळी यंत्र सुरूच झाले नाही तर घरातले दस्तऐवज आणि छायाचित्रे यांचे काय होईल, हाच प्रश्न अगोदर विचारण्याजोगा आहे.

यंत्र चालू होताच लिनक्सचा कर्नल शोधून स्मृतीत आणण्याची जबाबदारी बूटलोडरची. ग्रब हा संगणक जागा करणाऱ्या जुन्या बायोसवरही चालतो आणि नव्या यूईएफआयवरही, नानाविध फाइलसिस्टिम स्वतः वाचतो, शेजारी नांदणाऱ्या विंडोजलाही यादीत स्थान देतो. मात्र या सर्वसमावेशकतेमुळेच त्याची रचना गुंतागुंतीची झाली आहे. सिस्टिमडी-बूट त्या मानाने अल्पाक्षरी: त्याची व्यवस्था चार ओळींच्या साध्या मजकुरात मावते, पण त्याला यूईएफआय अनिवार्य आहे. जुन्या यंत्राला म्हणून ग्रबच योग्य, आणि नव्या, एकट्या लिनक्सच्या यंत्राला सिस्टिमडी-बूट. दोहोंपैकी काहीही घेतले तरी, तो बिघडल्यास यंत्र चालू करण्यासाठी लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह खणात असलाच पाहिजे.

फाइलसिस्टिमचा विचार अधिक निवांतपणे करावा लागतो. भर उन्हाळ्यात गाझियाबाद-नोएडाच्या वसाहतींत वीज अकस्मात जाते, त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते अर्धे राहते. २००८ साली स्थिर झालेली एक्स्ट४ ही रचनेतील प्रत्येक फेरफार खतावणीआधी रोजकीर्दीत नोंदवते, म्हणून वीज परतल्यावर तिचा ताळेबंद सत्वर जुळतो. अपुऱ्या राहिलेल्या मजकुराची हमी मात्र ती देत नाही. बीटीआरएफएस जुन्या जागी लिहीतच नाही: नवा मजकूर अन्यत्र पूर्ण लिहून मगच ती त्याला जुन्याची जागा देते, प्रत्येक खंडाचा पडताळा-अंक जपते, आणि याच पद्धतीमुळे संपूर्ण प्रणालीची क्षणप्रत, म्हणजे स्नॅपशॉट, तिला जवळजवळ विनामूल्य काढता येते. फेडोरा या लिनक्स-वितरणाने २०२० मध्ये आपल्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी तिची निवड केली. तरीही एकाच डिस्कवर मजकुराची एकच प्रत असेल तर बिघाड ती दाखवील, दुरुस्त करू शकणार नाही. शिवाय डिस्क काठोकाठ भरली की तिची चाल अवघड होते. थोड्या जागेच्या जुन्या डिस्कवर मी एक्स्ट४चीच शिफारस करीन. एक्सएफएस उत्तम आहे, पण तिचे आकारमान घटवता येत नाही, तेव्हा घरी तिचा आग्रह नको.

कर्नलनंतर यंत्रातील सेवा सुरू करणाऱ्या, २०१० साली आलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेवरून डेबियनमध्ये एवढा कलह माजला की देवुआन ही निराळी शाखाच फुटली. गृहस्थाने त्या वादात न पडता, यंत्र अडले की त्याची दैनंदिनी दाखवणारा ‘जर्नलसीटीएल’ हा आदेश तेवढा आत्मसात करावा. टाइमशिफ्ट नावाचे साधन प्रणाली कालच्या स्थितीत परत नेते, परंतु वापरकर्त्याचे स्वतःचे दप्तर ते मुळात वगळते, आणि क्षणप्रती त्याच डिस्कवर असतील तर त्या डिस्कबरोबरच जातात. छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची नक्कल म्हणून वेगळ्या बाह्य डिस्कवर नियमाने घ्यावी, आणि तिच्यातील एखादी फाइल अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.