सलूकी

मध्यपूर्वेतील वाळवंटी व गवताळ प्रदेशांत शिकारीसाठी फार पूर्वीपासून जोपासलेली कुत्र्याची एक डौलदार जात. वासावरून माग काढण्याऐवजी नजरेने सावज हेरून त्याचा वेगाने पाठलाग करणाऱ्या हाउंड कुत्र्यांत तिचा समावेश होतो. ग्रेहाउंड व अफगाण हाउंड हे याच गटातील होत. इराणात तिला ताजी म्हणतात. या फार्सी शब्दाचा मूळ अर्थ ‘अरबी’ असा आहे. सलूकी हे नाव काहींच्या मते येमेनमधील सलूक या स्थळावरून, तर काहींच्या मते सेल्युसिया या प्राचीन नगराच्या नावावरून पडले. तथापि यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती निर्विवाद नाही.

नराची खांद्यापाशी उंची ५८ ते ७१ सेंमी. असून मादी त्याहून लहान असते. वजन सर्वसाधारणपणे १८ ते २७ किग्रॅ. भरते. डोके लांबट व निमुळते, डोळे मोठे, कान लोंबते, छाती खोल आणि पोट आत ओढलेले असते. अंगावर चरबी अत्यल्प असल्याने प्रथमदर्शनी हा कुत्रा उपाशी व हडकुळा वाटतो. परंतु पाठ व मांड्यांचे स्नायू बळकट असतात. काहींची लव सर्वांगावर आखूड असते, तर काहींच्या कानांवर, शेपटीवर व पायांच्या मागील बाजूस रेशमी केसांची झालर असते. दौडताना लवचिक कणा धनुष्यासारखा वाकतो व ताणला जातो आणि प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. गिनेस नोंदींत १९९६ मध्ये या जातीच्या कुत्र्याचा ताशी ६८·८ किमी. वेग नमूद झाला आहे. थोड्या अंतरात ग्रेहाउंड वरचढ ठरतो. मात्र खडकाळ वा वालुकामय भूमीवर दीर्घकाळ पाठलाग करण्यात सलूकी सरस समजला जातो.

बेदूइन अरबांच्या जीवनात या कुत्र्याचे स्थान आगळे आहे. इस्लामी परंपरेत कुत्रा सामान्यतः अशुद्ध मानला जातो. पण शिकवलेल्या शिकारी प्राण्याने पकडलेले सावज कुराणाने ग्राह्य ठरविले आहे. त्यामुळे सामान्य कुत्र्याला ‘कल्ब’ म्हणून दूर ठेवणारे लोक सलूकीला तंबूत आसरा देत. त्याची विक्री न करता तो भेट म्हणून देण्याची चाल होती. शिकारीला जाताना त्याचे पाय पोळू नयेत म्हणून त्याला उंटावर बसवून नेत. ससाणा आकाशातून सावज दाखवी, त्यास हैराण करी आणि सलूकी ते पकडून मालक येईपर्यंत धरून ठेवी. गॅझेल (चिंकाऱ्याच्या प्रजातीतील हरिण) व ससा ही मुख्य सावजे. अबू नुवास या अब्बासी काळातील कवीने शिकारी कुत्र्यांवर रचलेली काव्ये अरबी साहित्यात प्रसिद्ध आहेत.

सलूकीला ‘जगातील सर्वांत जुनी जात’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो जपूनच स्वीकारावा लागतो. ईजिप्तमधील अठराव्या राजवंशाच्या (इ. स. पू. सु. १५५०–१२९५) काळातील चित्रांत लोंबत्या कानांचे सडपातळ शिकारी कुत्रे दिसतात. त्यांवरून अशा शरीरबांध्याचे कुत्रे तेव्हा होते एवढेच सिद्ध होते. आजच्या सलूकीशी त्यांचा अखंड वंशसंबंध सिद्ध होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात सलूकीची गणना इतर जातींपासून लवकर वेगळ्या पडलेल्या थोड्या जातींत झाली. परंतु अशा जातींचे वेगळेपण प्राचीनत्वापेक्षा भौगोलिक अलगपणामुळे टिकले असावे, असे २०१२ मधील दुसऱ्या संशोधनात दाखविण्यात आले. खरोखर जुनी आहे ती निवडीची कसोटी : जो धावून सावज पकडील, त्याचीच पैदास करावयाची. यामुळेच प्रदेशागणिक सलूकीच्या उंचीत, केसांत व रंगांत बरीच तफावत आढळते.

यूरोपात ही कसोटी बदलली. फ्लॉरेन्स ॲमहर्स्ट यांनी १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये सलूकी आणून पैदास सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकी अधिकारी फ्रेडरिक लान्स यांनी पॅलेस्टाइनमधून आणलेल्या ‘सरोना केल्ब’ या नराचे रक्त इंग्लिश वंशावळींत दूरवर पसरले. १९२३ मध्ये तेथील केनेल क्लबने जातीस मान्यता दिली. तेव्हाच्या जाणकारांनी मूळची विविधता लक्षात घेऊन जातीचे प्रमाण मुद्दाम सैल ठेवले, ही दूरदृष्टीच म्हटली पाहिजे. तरीही वंशावळ नोंदीपुरती सीमित झाल्यावर मर्यादित संख्येतच संकर होत राहतो. हृद्‌रोग व रक्तवाहिन्यांचा कर्करोग हे या जातीतील चिंतेचे विकार आहेत.

दख्खनमधील कारवानी कुत्रे तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या सलूकी वा ताजी कुत्र्यांपासून उत्पन्न झाले, असे मानतात. झालरी केसांच्या कारवानी कुत्र्यास पश्मी म्हणतात. मुधोळ (कर्नाटक) संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केल्याने ते मुधोळ हाउंड म्हणूनही ओळखले जातात. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांवर तिकीट काढले.

मूळ प्रदेशात बंदूक व मोटारगाडी आल्यावर गॅझेलांची संख्या झपाट्याने घटली व अनेक देशांनी शिकारीवर निर्बंध घातले. इराकमध्ये ग्रामीण भागात सलूकीने सशाची शिकार अजूनही केली जाते. संयुक्त अरब अमिरातींत मात्र त्यांच्या शर्यती होतात. गाडीने ओढलेल्या कृत्रिम गॅझेलमागे ते धावतात. अबू धाबी येथे २००१ मध्ये सलूकीच्या संवर्धनासाठी केंद्र स्थापन झाले असून तेथे त्यांची पैदास व प्रशिक्षण केले जाते.