भरतपूरच्या म्हशी गेल्या आणि पक्ष्यांचं पाणी गवताखाली गेलं

अभयारण्य वाचवायचं तर आधी गुरं बाहेर काढा, हे ऐकायला बरोबरच वाटतं. राजस्थानातल्या भरतपूरला तसंच केलं, आणि भलतंच घडलं.

भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. इथली उथळ तळी माणसानेच बांध घालून, पाणी वळवून केलेली. तीही संस्थानिकांना बदकं मारता यावीत म्हणून! १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले, तेव्हा एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या इथे म्हशी चारणारे गावकरी चिडले. पोलिसांच्या गोळीबारात काहींचा जीव गेला.

मग काय झालं? म्हशी पाण्यात उतरून पास्पॅलम नावाचं गवत खायच्या. खाणारं कोणी उरलं नाही, तसं ते मोकाट पसरलं. उघडं पाणी झाकलं गेलं. बदकांना उतरायला, बगळ्यांना मासे टिपायला जागा उरेना. मुंबईच्या ‘बीएनएचएस’ने अनेक वर्षं इथे अभ्यास केला आणि सांगितलं, की तळी मोकळी ठेवण्याचं काम म्हशीच करत होत्या. खरं तर बंदीला या संस्थेचाही पाठिंबा होता.

बंदी मात्र उठली नाही. पुढे गावकऱ्यांनाच परवाने देऊन हे गवत कापून न्यायला सांगण्यात आलं. म्हणजे म्हशी बाहेर, आणि त्यांचा चारा डोक्यावरून त्यांच्या गोठ्यात.

आता दुसरी अडचण पाण्याची. गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यापासून उद्यानाला पूर्वीसारखं पाणी मिळत नाही.