वाडीची योजना बावखळापासून

वसईच्या पश्चिम पट्ट्यात गिरीज, भुईगाव, निर्मळ या बाजूस गेल्यास वाड्यांमधून जुनी बावखळे दिसतात. बावखळ म्हणजे वाडीत खणलेला, पावसाच्या पाण्याने भरणारा मोठा खड्डा. लहान तळेच म्हणा ना! पुढे मोटरपंप आले, जमिनीचे भाव चढले आणि कित्येक बावखळांत भराव पडला. आमच्या मते या भागातील शेतजमिनीच्या संरक्षणाची योजना बावखळापासूनच सुरू झाली पाहिजे.

याचे कारण जमिनीखाली आहे. किनाऱ्यालगत गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ फूट असेल, तर त्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. म्हणजेच उपशाने वरची पातळी १ फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर येऊ शकते. विहीर एकदा मचूळ झाली की केळी आणि पानवेल दोन्ही गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध लढा दिला, तो उगीच नव्हे.

विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पावसाळ्यात २००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका गुंठ्यावर दोन लाख लिटर पाणी पडते! त्यातील बरेचसे वाहून जाते. बावखळ त्यातले काही अडवते व सावकाश मुरवते. म्हणून सुशोभीकरणाच्या हौसेने त्याचा तळ व काठ सिमेंटने बांधू नयेत.

योजना म्हणजे मोठा कागद नव्हे. मे महिन्यात विहिरीची पातळी व पाण्याची चव नोंदवावी. जुलैत पाणी कोठून येते, कोठे जाते ते पाहून वाडीचा नकाशा काढावा. मग उतारास आडवे बांध, बांधावर गिरिपुष्प. केळीचा पाला जाळू नये, आळ्यांत पसरावा. पूर्वेकडील खाचरांत भातानंतर ओलीवर वाल घेतल्यास मातीला नत्र मिळते. खाडीकाठी मात्र खारबांध व उघाडी शाबूत नसेल, तर बाकी सारे व्यर्थ.

राहता राहिले पशुपक्षी. सोपाऱ्यास १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, हे सभासदांस ठाऊक आहेच. त्याच राजाच्या गिरनार येथील दुसऱ्या लेखात माणसांबरोबर पशूंसाठीही विहिरी खोदल्याचे व झाडे लावल्याचे सांगितले आहे. बावखळातील मासे डासांच्या अळ्या खातात, बेडूक कीटक टिपतात, धामण उंदीर मारते. ही फुकटची राखण आहे. धामण दिसताच काठी उगारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

उन्हाळ्यात काढलेला गाळ केळीच्या बुंध्याशी घालावा. मात्र सर्व काठ एकाच वर्षी साफ करू नये. एका बाजूची झुडपे पुढील वर्षासाठी राहू द्यावीत, म्हणजे पाणकोंबडीला घरट्यास जागा उरते.