गालातला सल

बँकेत असताना संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही उठत नसू. फरक पाच रुपयांचा असला तरी तो कुठेतरी असतोच! निवृत्तीनंतर हाच धडा माझ्या गालाने मला दिला.

साठी उलटल्यावर आंब्यासाठी कुंपणावर चढलो आणि तोंडावर आपटलो. गालात काटकी रुतली. ती मीच उपटली. घरी आणि दवाखान्यात मात्र "पायरीवर घसरलो" म्हणून सांगितलं. या वयात कोण कबूल करणार? टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, एक्स-रेत काही निघालं नाही. पण जखम भरायची आणि पुन्हा पाझरायची. सौ. काळजीने अर्धी झाली.

दोन महिन्यांनी शहरातल्या सर्जननी विचारलं, "खरं सांगा, आत काय घुसलं होतं?" मी खरं सांगितलं. काच, धातू एक्स-रेत बहुधा दिसतात. लाकूड सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत ते दिसलं. चेहरा हलवणारी नस आणि लाळेची नळी गालातूनच जातात. त्या सांभाळत त्यांनी नखाएवढी ढलपी काढली. "खोल रुतलेला धातूचा कण त्रास देत नसेल, तर कधीकधी आम्ही तसाच ठेवतो," ते म्हणाले. "लाकूड ठेवत नाही, ते जंतूंचं घर. आणि रुतलेली वस्तू स्वतः कधी उपटू नका. अर्धी आत राहते."

जखम भरली. हिशेबातला फरक सापडला होता. तो डॉक्टरांच्या नव्हे, माझ्याच नोंदीत होता.