बोथट नाकाचं काडतूस

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बऱ्याच गावांतल्या शाळा बंद असतात. हरणाच्या शिकारीसाठी! संपादकांनी या मोसमावर लिहायला सांगितलं आणि मी अडकलो एका काडतुसापाशी. शिकारीवर 1972 पासून कायद्याने बंदी असलेल्या देशात वाढलेल्या मला बंदुकीच्या दुकानात शिरतानाच अवघडल्यासारखं झालं होतं.

हे काडतूस म्हणजे थर्टी-थर्टी. ते 1895 साली विंचेस्टर कंपनीने बाजारात आणलं. नळीचा आतला व्यास 0.30 इंच, आत 30 ग्रेन बिनधुराची दारू. ही दारू काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून बंदुकीची नळीही निकेलमिश्रित पोलादाची करावी लागली. बंदूक होती जॉन ब्राउनिंगने आखलेली मॉडेल 1894. पुढे या मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त बंदुका निघाल्या.

दुकानदार आजोबांनी एक जुनी चौऱ्याण्णव काढली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि चापाखालची लिव्हर ओढली. बोल्ट सरकन मागे आला, परत नेल्यावर खटकन बसला. नळीच्या खाली दुसरी बारीक नळी होती. काडतुसं त्यात आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक राहतात. आजोबांनी काउंटरवर दोन काडतुसं तशी आडवी मांडून दाखवली. मागच्याचं चपटं नाक पुढच्याच्या बुडावर, थेट दारू पेटवणाऱ्या टोपीवर टेकलं.

“टोकदार गोळी असती तर?”

“बंदुकीच्या धक्क्याने पुढच्याची टोपी फुटली असती. तीही तुझ्या डाव्या हाताखाली.”

या बोथटपणाची किंमत हवेत मोजावी लागते. 170 ग्रेनची गोळी सेकंदाला 2,200 फुटांच्या आसपास वेगाने निघते खरी, पण चपट्या नाकामुळे तो वेग भराभर ओसरतो. दोनशे यार्डांपुढे नेम धरणं जिकिरीचं. पण इथल्या दाट रानात हरीण दिसतं तेच बऱ्याचदा शंभर यार्डांच्या आत. तेवढ्यासाठी खांद्याला सोसेल असा धक्का आणि एका हातात पेलणारी सडपातळ बंदूक पुरे. 1906 मध्ये कितीतरी ताकदवान थर्टी-ऑट-सिक्स आलं, तरी हे काडतूस टिकलं ते यामुळेच. अलीकडे मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळीही निघाली आहे. टोक दबतं, टोपी फुटत नाही. आजोबांना मात्र जुनीच बरी वाटते.

आता काळजीचं. विंचेस्टरचा न्यू हेवनमधला कारखाना 2006 मध्ये बंद झाला. आजची चौऱ्याण्णव जपानमध्ये बनते. थर्टी-थर्टीची दुसरी मोठी बंदूक बनवणारी मार्लिनही दोनदा विकली गेली. तरी बंदुका मिळत राहतील. खरा पेच शिशाचा आहे. गोळीचे कण रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ती खाणाऱ्या गिधाडांना, गरुडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांच्या काळजीपोटी 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. पर्याय तांब्याचा. पण तांबं शिशापेक्षा कडक. हरणात शिरल्यावर गोळी उमलायला वेग लागतो आणि थर्टी-थर्टी नेमकं तिथेच लंगडं. त्याच्यासाठी मुद्दाम घडवलेल्या तांब्याच्या चपट्या गोळ्या मिळतात, पण महाग.

पेनसिल्व्हेनियाने हरणाच्या शिकारीत शिशावर बंदी घातलेली नाही, निवड शिकाऱ्यावर सोडली आहे. शंभर यार्डांच्या आतच बार टाकणाऱ्याला ही महाग गोळी परवडायला हरकत नाही, असं मला वाटतं. मोसमाला लागतात किती? आजोबा म्हणाले, नेम बरा असेल तर एक.