गंध हवेत कसा पसरतो? एका प्रयोगाची आखणी

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की थोड्याच वेळात तिचा वास अभ्यासिकेपर्यंत पोहोचतो. गंधाचे रेणू हवेत मिसळतात म्हणून, असे कारण विद्यार्थी तत्परतेने सांगतात. हे कारण अपुरे आहे, हे त्यांना प्रयोगातूनच उमगावे, असे आम्हांस वाटते.

वायूचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावतात, हे जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी १८५७ मध्ये गणिताने दाखविले. मग वास पोहोचण्यास इतका वेळ का लागतो, अशी शंका डच शास्त्रज्ञ बाइस-बॅलट यांनी काढली. रेणू परस्परांवर आदळून सतत दिशा बदलतात, हे क्लाउझियस यांचे १८५८ मधील उत्तर. या संथ पसरण्याला विसरण म्हणतात. त्यात दुप्पट अंतरास सुमारे चौपट वेळ लागतो. अगदी स्थिर हवेत एका मीटरलाही काही तास लागू शकतात. एकसारख्या वाहत्या हवेत मात्र दुप्पट अंतरास दुप्पटच वेळ पुरतो. हीच आपली कसोटी.

प्रथम दारे-खिडक्या व पंखे बंद करून विद्यार्थ्यांना बशीपासून १, २ व ४ मीटरवर, डोळे मिटून व पाठमोरे बसवावे. बशीत अत्तराचे थेंब टाकताच घड्याळ सुरू करावे. वास येताच ज्याने-त्याने हात वर करावा. सर्दी झालेल्यांकडे नोंदी सोपवाव्यात. नाक वासाला लवकर सरावते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर खोली मोकळी करावी. एखाद्या फेरीत न सांगता नुसते पाणी टाकावे. तरीही हात वर झाले, तर तीही नोंद प्रामाणिकपणे ठेवावी.

नंतर काचेच्या लांब, आडव्या नळीत ओल्या लाल लिटमस कागदाचे तुकडे समान अंतरावर ठेवून एका टोकाशी अमोनियात भिजविलेला कापूस ठेवावा व दोन्ही टोकांना बुचे लावावीत. हे काम शिक्षकांनीच हवेशीर जागी, चष्मा व हातमोजे घालून करावे. कागद क्रमाने निळे होतात. परंतु प्रत्येक पुढच्या तुकड्यास अधिकाधिक वेळ लागतो.

दोन्ही तक्ते शेजारी मांडले म्हणजे ध्यानात येते की, खोलीत गंध वाहून नेतो तो मुख्यत्वे हवेचा प्रवाह. पंखे बंद असले तरी माणसांच्या अंगच्या उष्णतेनेही हवा हलत राहते.

या ज्ञानाचा वसतिगृहात थेट उपयोग आहे. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण तो वास आपल्यापर्यंत येणे हवेच्या प्रवाहावर अवलंबून असते. शिवाय हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून दूर बसलेल्यास वास आला नाही, एवढ्यावरून गळती नाही असे कोणीही समजू नये.