रोबोटचा संघ आणि आपल्या मुली

मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, "आई, मी रोबोटच्या संघात नाव देऊ?" तर तिला काय सांगायचं? त्यासाठी हा संघ काय करतो, ते आधी समजून घेऊ.

रोबोट म्हणजे माणसासारखा पुतळाच असतो असं नाही. मोटार, चाकं आणि सेन्सर लावलेली, आधी लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे चालणारी गाडी म्हणजेही रोबोट.

'फर्स्ट टेक चॅलेंज' ही हायस्कूलच्या मुलांची एक मोठी स्पर्धा आहे. भारतातले संघही त्यात उतरतात. एका संघात 15 पर्यंत मुलं आणि सोबत मोठी माणसं मार्गदर्शक. बचत गटात जशी कामं वाटलेली असतात, तशीच इथेही. कोणी सांगाडा जोडतं, कोणी वायरिंग करतं, कोणी संगणकावर सूचना लिहितं, कोणी खर्चाचा हिशोब आणि कामाची नोंद ठेवतं.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये नवा खेळ जाहीर होतो. सुरुवातीला रोबोट लांबी, रुंदी, उंचीला 18 इंचांत बसला पाहिजे. सामना अडीच मिनिटांचा. पहिली 30 सेकंद रोबोट आपला आपण चालतो, नंतर मुलं रिमोटने चालवतात. दोन संघ मिळून दुसऱ्या दोन संघांशी खेळतात आणि जोड्या बदलत राहतात. आत्ताचा विरोधी संघ पुढच्या सामन्यात आपला जोडीदार होऊ शकतो. म्हणून भांडून चालत नाही. परीक्षक मुलांना प्रश्नही विचारतात, त्यामुळे काम मुलांनी स्वतःच केलेलं असावं लागतं.

2017 मध्ये वॉशिंग्टनला देशोदेशींच्या शाळकरी संघांची 'फर्स्ट ग्लोबल' स्पर्धा झाली. भारताकडून मुंबईची मुलं गेली होती. अफगाणिस्तानातून सहा मुलींचा संघ होता. त्यांना दोनदा व्हिसा नाकारला गेला, तरी त्या शेवटी पोचल्या आणि धैर्यासाठी रौप्यपदक घेऊन परतल्या.

हे फक्त मोठ्या शहरांचं नाही. केंद्र सरकारची 'अटल टिंकरिंग लॅब' योजना 2016 पासून आहे. निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सहावी ते बारावीची मुलं तिथे स्वतःच्या हाताने वस्तू बनवतात. सरकारी शाळाही यात येतात.

मग आपण काय करायचं? आठवीपर्यंतच्या सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. तिथे विचारा: आपल्या शाळेत लॅब आहे का? नसेल तर अर्ज करता येईल का? असेल तर कुलूप उघडतं का? संघात मुली किती? आणि त्यांच्या हातात पेचकस येतो, की नुसती नोंदवहीच?

सराव शाळा सुटल्यावर होतो. एकटी मुलगी उशिरा कशी येईल, ही काळजी खरीच. पण चार घरच्या मुली असतील, तर आयांनी आणायला जाण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. सोयाबीन काढणीतही तिचा सराव बुडू देऊ नका. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.